हलक्या शिकारी रायफलीसाठी काडतुसाची निवड: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

स्वतःच्या मापाची हलकी शिकारी रायफल बनवून घ्यायचे ठरले की बहुतेक नवखे शिकारी आधी दस्त्याचा प्रकार, नळीची जाडी आणि दुर्बिणीचा ब्रँड यांवर आठवडेच्या आठवडे घालवतात, आणि काडतुसाचा प्रश्न ‘तेवढ्यात एखादे जोरकस घेऊ’ असे म्हणून शेवटाला ढकलतात. प्रत्यक्षात कामाचा क्रम याच्या उलट आहे. ॲक्शनची (काडतूस नळीत सारून बंद करणाऱ्या यंत्रणेची) लांबी, बोल्टच्या (तिच्यातील मागेपुढे सरकणाऱ्या दांड्याच्या) तोंडाचा व्यास, मॅगझिनची (काडतुसे साठवणाऱ्या पेटीची) खोली, नळीची लांबी आणि तिच्यातील आट्यांचा (आतल्या सर्पिल खाचांचा) पीळ हे सारे काडतुसावरून ठरते. काडतूस नंतर बदलायचे म्हटले तर निम्मी रायफल नव्याने करावी लागते. त्यातही हलक्या रायफलीची एक अडचण वेगळी आहे. जड रायफल चुकीच्या निवडीवर पांघरूण घालते, हलकी घालत नाही. चार किलोच्या रायफलीत खपून जाणारे काडतूस तीन किलोच्या रायफलीत मालकालाच नेम चुकवायला शिकवते.

पुढील मजकूर जिथे परवानाधारक शिकार कायदेशीर आहे अशा ठिकाणच्या शिकाऱ्यासाठी आहे. आरंभीच एका शब्दाचा घोळ दूर करतो. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. या लेखात मात्र ‘गोळी’ म्हणजे नळीतून बाहेर पडणारा धातूचा तुकडा, आणि ‘काडतूस’ म्हणजे पितळी केस, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू आणि गोळी मिळून झालेली संपूर्ण वस्तू.

पायरी पहिली: प्राणी, पल्ला आणि कायदा कागदावर उतरवा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: कोणत्या प्राण्याची शिकार करणार, किती अंतरावरून करणार, आणि तिथला कायदा काय मागतो. यांपैकी अंतराच्या बाबतीत माणूस स्वतःशीच सर्वांत जास्त खोटे बोलतो. ‘कधी चारशे मीटरवरून संधी आली तर’ या एका वाक्यापायी कित्येकांनी नको तेवढे जोरकस काडतूस गळ्यात बांधून घेतले आहे. खरा पल्ला सपाट मैदानावरच्या टेबलावरून ठरत नाही. चढ चढून धाप लागलेली असताना, पाठपिशवीवर रायफल टेकवून, ज्या अंतरावर आपल्या दहापैकी दहा गोळ्या पंधरा सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात, तेवढाच आपला पल्ला. बहुसंख्य लोकांसाठी तो अडीचशे मीटरच्या आतच येतो.

हे मान्य केले की कागद बराच सोपा होतो. उदाहरणादाखल ६.५ क्रीडमूर हे काडतूस घेऊ. त्यातील १४३ ग्रेनची, म्हणजे सुमारे ९.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२३ मीटर वेगाने निघते. तिला योग्य अंतरावर शून्य केले, म्हणजे त्या अंतरावर ती नेमक्या नेमावर पडेल अशी दुर्बीण जुळवली, तर साधारण २४५ मीटरपर्यंत ती नेमाच्या रेषेपासून साडेसात सेंटिमीटरपेक्षा जास्त वर किंवा खाली जात नाही. बऱ्याच जास्त जोराच्या .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये १८० ग्रेनच्या गोळीचा आरंभवेग ९०० मीटरच्या आसपास असतो, तरीही हीच मर्यादा जेमतेम २७० मीटरपर्यंत सरकते. दोन्ही रायफली २०० मीटरवर शून्य केल्या, तर ३०० मीटरवर त्यांच्या घसरणीतला फरक चार-पाच सेंटिमीटरच भरतो. त्या चार सेंटिमीटरची किंमत खांद्याला किती पडते, ते तिसऱ्या पायरीत पाहू.

कायदा मात्र अंदाजाने घेण्याची गोष्ट नाही, कारण प्रत्येक देश वेगळ्या फूटपट्टीने मोजतो. जर्मनीत रो हरणासाठी १०० मीटरवर किमान १,००० ज्यूल ऊर्जा लागते, तर इतर खुरी प्राण्यांसाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवरची ऊर्जा किमान २,००० ज्यूल असावी लागते. त्यामुळे .२४३ विंचेस्टर तिथे तांबड्या हरणासाठी किंवा रानडुकरासाठी चालत नाही. इंग्लंडमध्ये १९९१ चा कायदा बहुतेक हरणांसाठी .२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल मागतो; तिथे तेच .२४३ तांबड्या हरणालाही कायदेशीर ठरते. स्वीडनमध्ये मूससारख्या मोठ्या प्राण्यांच्या वर्गासाठी गोळी ९ ते १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २,७०० ज्यूल लागतात, आणि १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २,००० ज्यूल पुरतात.

हा शेवटचा नियम हलक्या रायफलीला कसा नडतो ते पाहा. वर दिलेली ६.५ क्रीडमूरची गोळी पूर्ण लांबीच्या नळीतून १०० मीटरवर सुमारे २,७८० ज्यूल घेऊन पोहोचते आणि नियमात बसते. पण वजन वाचवण्यासाठी नळी ६१ सेंटिमीटरवरून ५१ वर आणली की आरंभवेग पंचवीस ते तीस मीटरनी उतरतो, १०० मीटरवरची ऊर्जा २,६०० ज्यूलच्या खाली येते आणि तेच काडतूस त्या वर्गातून बाद होते. .३०८ विंचेस्टरची १६५ ग्रेनची, म्हणजे १०.७ ग्रॅमची गोळी तेवढ्याच आखूड नळीतून सहज पास होते, कारण तिच्यासाठी उंबरठाच खाली आहे. काडतुसाच्या डब्यावर छापलेला वेग हा कंपनीच्या चाचणी-नळीतला असतो. आपल्या आखूड नळीत घटणारा वेग त्यातून वजा करून मगच कायद्याशी ताडून पाहावा.

पायरी दुसरी: ‘हलकी’ म्हणजे किती, ते आकड्यात ठरवा

जाहिरातीत दिलेले वजन नुसत्या रायफलीचे असते. डोंगरात आपण वाहतो ते दुर्बीण, तिचे माउंट, पट्टा आणि मॅगझिनमधील काडतुसे धरून होणारे वजन. अडीच किलोच्या रायफलीवर चारशे ग्रॅमची दुर्बीण आणि शंभर ग्रॅमचे माउंट चढले की तीन किलो झालेच. पुढच्या सर्व हिशेबात मी हेच तीन किलो धरले आहेत, कारण खांद्याला धक्का देणारे वजनही हेच असते.

या तीन किलोंच्या खाली जाण्याचा मोह होतो आणि कार्बन फायबरचे दस्ते व टायटॅनियमच्या ॲक्शन यांमुळे ते शक्यही आहे. तरी पहिल्या रायफलीसाठी मी तो सल्ला देणार नाही. फार हलकी रायफल, विशेषतः पुढच्या बाजूला हलकी असलेली, धापा टाकत असताना स्थिर राहत नाही. दुर्बिणीतील तारांचा छेद नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उडताना दिसतो. दोनशे ग्रॅम वाचवायचेच असतील तर ते नळीच्या टोकाऐवजी दुर्बिणीतून आणि दस्त्यातून वाचवावेत.

काडतुसांचे स्वतःचे वजनही मोजावे, जरी ते निर्णायक नसले तरी. .३०८ चे एक काडतूस सुमारे २५ ग्रॅमचे आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचे ३२ ग्रॅमच्या घरातले असते, म्हणजे वीस काडतुसांमागे दीडशे ग्रॅमच्या जवळपास फरक पडतो. टायटॅनियमच्या स्क्रूवर पैसे खर्च करणारे लोक हा फरक विसरतात.

पायरी तिसरी: धक्क्याचा हिशेब स्वतः मांडा

हा साऱ्या निवडीचा कणा आहे, म्हणून इथे थोडे थांबू. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जातात, तेवढाच संवेग रायफलीला मागे मिळतो. गोळीचे वजन गुणिले तिचा वेग, अधिक दारूचे वजन गुणिले वायूचा वेग (तो सेकंदाला सुमारे १,२०० मीटर धरण्याची पद्धत आहे), या बेरजेला रायफलीच्या वजनाने भागले की रायफल कोणत्या वेगाने मागे येते ते कळते. त्या वेगाचा वर्ग करून रायफलीच्या निम्म्या वजनाने गुणले की धक्क्याची ऊर्जा ज्यूलमध्ये मिळते.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. ७ मिमी-०८ रेमिंग्टनमध्ये १४० ग्रेनची, म्हणजे ९.०७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८५३ मीटर वेगाने जाते आणि दारू सुमारे २.८ ग्रॅम असते. गोळीचा संवेग ७.७ आणि वायूचा ३.४, मिळून ११.१ न्यूटन-सेकंद. तीन किलोच्या रायफलीत मागे येण्याचा वेग सेकंदाला ३.७ मीटर आणि ऊर्जा साडेवीस ज्यूल. हीच रायफल चार किलोंची असती तर ऊर्जा साडेपंधरा ज्यूलच भरली असती. वजन पाव भागाने घटवले की धक्का एक तृतीयांशाने वाढतो, हे गणित कोणत्याही काडतुसाला लागू आहे.

याच रीतीने तीन किलोंच्या रायफलीसाठी काढलेले आकडे असे येतात: .२४३ विंचेस्टर सुमारे १४ ज्यूल, ६.५ क्रीडमूर २०, ७ मिमी-०८ साडेवीस, .३०८ आणि .२७० विंचेस्टर दोन्ही २५ च्या आसपास, ६.५ पीआरसी २७, .३०-०६ स्प्रिंगफील्ड १८० ग्रेनच्या गोळीसह ३२ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ४३. गोळी आणि दारूचे प्रमाण बदलले की हे आकडे एक-दोन ज्यूलने इकडेतिकडे होतात, पण क्रम बदलत नाही. मॅग्नमचा धक्का क्रीडमूरच्या दुपटीहून जास्त आहे, आणि त्या बदल्यात अडीचशे-तीनशे मीटरपर्यंत मिळणारा मार्गातला फायदा पहिल्या पायरीत पाहिलाच आहे.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचे आहे ते शरीराचे शिकणे. धक्का एका मर्यादेपलीकडे गेला की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो आणि गोळी खाली जाते. हे सारे इतक्या झटक्यात घडते की करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मी स्वतः एका हलक्या मॅग्नमवर दोन हंगाम काढले आणि चुकलेल्या नेमाचे खापर दुर्बिणीवर फोडत राहिलो. शेवटी एका मित्राने माझ्या नकळत मॅगझिनमध्ये एक रिकामे, सरावाचे काडतूस घातले. चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि नळीचे तोंड मात्र वीतभर खाली गेलेले दोघांनीही पाहिले. दुर्बिणीत काही दोष नव्हता.

म्हणून नवख्यासाठी माझी मर्यादा अशी आहे: तीन किलोंच्या रायफलीत साधारण २० ते २२ ज्यूलपर्यंतचे काडतूस निश्चिंतपणे घ्यावे, २५ पर्यंतचे विचार करून घ्यावे, आणि त्यापुढचे हवे असेल तर रायफल जड करावी. सरळ पाठीचा दस्ता आणि चांगली रबरी गादी यांनी धक्का सुसह्य होतो, पण त्याची ऊर्जा कमी होत नाही. नळीच्या तोंडावरचा ब्रेक (वायू बाजूंना वळवणारी जोडणी) ती खरोखर कमी करतो, परंतु आवाज बाजूंना आणि मागे फेकतो. शिकारी रायफलीचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या आसपास असतो, आणि अशा क्षणिक आवाजासाठी कानाची धोक्याची पातळी १४० डेसिबलची धरतात; तेव्हा ब्रेक लावलेली रायफल कानांना संरक्षण न घेता कधीही चालवू नये. जिथे कायदा परवानगी देतो तिथे सायलेन्सर हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. तो धक्का आणि आवाज दोन्ही उतरवतो, मात्र दोनशे ते चारशे ग्रॅम वजन आणि बरीच लांबी वाढवतो, म्हणून तो लावायचा असेल तर नळी आधीपासूनच आखूड धरावी.

पायरी चौथी: ॲक्शनची लांबी आणि बोल्टचे तोंड

ॲक्शन ढोबळमानाने दोन लांबींत मिळतात. आखूड ॲक्शन .३०८ च्या घराण्याभोवती, म्हणजे सुमारे ७१ मिलिमीटर लांबीच्या काडतुसाभोवती बेतलेली असते, लांब ॲक्शन .३०-०६ च्या सुमारे ८५ मिलिमीटर लांबीसाठी. आखूड ॲक्शन हलकी असते हे खरे, पण हा फायदा लोक फुगवून सांगतात: एकाच कंपनीच्या दोन ॲक्शनमधला फरक सहसा शंभर ग्रॅमच्या आतच असतो. त्याहून मोलाचा फायदा बोल्टच्या आखूड प्रवासाचा आणि आटोपशीर रायफलीचा आहे.

खरी अडचण मधल्या लांबीच्या काडतुसांची आहे. १८९२ चे ७×५७ माउझर सुमारे ७८ मिलिमीटर लांब आहे आणि ६.५×५५ स्वीडिश ८० मिलिमीटर. आखूड मॅगझिनमध्ये ती मावत नाहीत, आणि लांब ॲक्शनमध्ये घातली तर जागा वाया जाते. मेल्विन फोर्ब्स यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत ज्या अतिहलक्या रायफली बनवायला घेतल्या, त्यांतील मॉडेल २० ची ॲक्शन तीन इंची मॅगझिनची, नेमकी या मधल्या लांबीची होती आणि तिचे वजन सुमारे २० औंस, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या थोडे वर होते. अशी ॲक्शन हाती असेल तर जुनी मधली काडतुसे फार सुंदर बसतात. नसेल तर त्यांच्या प्रेमात पडण्याआधी मॅगझिनची आतली लांबी पट्टीने मोजून घ्या. नवीन काडतुसांतही हाच पेच आहे. ६.५ पीआरसी ७५ मिलिमीटर लांब असल्याने काही आखूड मॅगझिनमध्ये त्याची गोळी केसमध्ये खोल दाबावी लागते, किंवा मॅगझिनच बदलावे लागते.

बोल्टच्या तोंडाचा व्यास काडतुसाच्या बुडाशी जुळावा लागतो. .३०८, .३०-०६, .२७०, .२४३, ७×५७ आणि ६.५ क्रीडमूर या सर्वांचे बूड सुमारे १२ मिलिमीटरचे आहे, ६.५ पीआरसी आणि बहुतेक मॅग्नम काडतुसांचे साडेतेरा मिलिमीटरचे. पुढेमागे दुसरी नळी बसवायचा विचार असेल तर पहिल्या गटातील ॲक्शन जास्त दारे उघडी ठेवते.

पायरी पाचवी: नळी, पीळ आणि गोळी एकत्र ठरवा

हलक्या रायफलीची नळी आखूड आणि बारीक असते, आणि या दोन्ही गोष्टी काडतुसाची परीक्षा घेतात. .३०८ च्या वर्गातील काडतूस दर इंचामागे साधारण सहा ते नऊ मीटर वेग गमावते. भरपूर दारूची मॅग्नम काडतुसे त्याहून जास्त गमावतात आणि न जळलेल्या दारूचा भडका नळीबाहेर फेकतात. म्हणूनच ५१ सेंटिमीटरच्या नळीत मॅग्नम बसवणे म्हणजे धक्का मॅग्नमचा पत्करून वेग साध्या काडतुसाच्या जवळपासचा घेणे आहे. मॅग्नमला ६१ सेंटिमीटर द्यायला तयार नसाल तर त्याचा विचारच सोडून द्यावा.

बारीक नळी तीन-चार गोळ्यांत तापते आणि नेम सरकू लागतो. शिकारीत पहिली गोळी थंड नळीतून सुटते, त्यामुळे याचा बाऊ करण्याचे कारण नाही. सरावाच्या वेळी मात्र धीर धरावा लागतो. जाता जाता एक मौजेची गोष्ट सांगतो: बाहेरून तंतोतंत सारख्या दोन नळ्यांपैकी मोठ्या छिद्राची नळी हलकी असते. ५६ सेंटिमीटरच्या नळीत ६.५ मिलिमीटरऐवजी .३०८ चे छिद्र पाडले की पन्नास-पंचावन्न ग्रॅम पोलाद आपोआप कमी होते.

पीळ हा नवख्यांकडून हमखास सुटणारा मुद्दा आहे. आटे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात यावर गोळी हवेत स्थिर राहते की डगमगते ते ठरते, आणि जितकी गोळी लांब तितका पीळ जलद लागतो. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब होते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाचा दारूगोळा बंद झाला आहे, आणि इतरत्रही वारे त्याच दिशेचे आहे. आज बनवून घेतलेली रायफल वीस वर्षे वापरायची असेल तर ती तांब्याच्या गोळ्या नीट फेकणारी हवी. ६.५ क्रीडमूर जन्मापासूनच ८ इंचांत एक फेरा अशा जलद पिळाची आहे. .२४३ आणि .२७० परंपरेने १० इंचांत एक फेरा घेतात आणि त्यामुळे लांब गोळ्यांना कमी पडतात. नळी मापाने बनवून घेणाऱ्याच्या हाती हीच मोठी सोय आहे: .२४३ हवे असेल तर ८ इंचांच्या पिळाची नळी मागता येते, आणि मग ते काडतूस बाजारातल्या तयार रायफलीपेक्षा बरेच उपयोगी ठरते.

तांब्याच्या गोळीला नीट उमलण्यासाठी, म्हणजे आदळल्यावर टोक फुलून रुंद होण्यासाठी, आदळण्याचा वेगही जास्त लागतो. साधारण सेकंदाला साडेपाचशे ते सहाशे मीटरच्या खाली ती प्राण्याच्या शरीरातून न उमलता आरपार जाऊ शकते, आणि जखमी प्राणी दूर निघून जातो. आपल्या आखूड नळीतला आरंभवेग धरून हा वेग किती अंतरावर संपतो ते काढा. पल्ल्याची खरी सीमा तीच आहे, आणि ती कधी कधी पहिल्या पायरीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा अलीकडे निघते.

पायरी सहावी: उमेदवार समोरासमोर ठेवा

इथपर्यंत आल्यावर बहुतेकांच्या कागदावर चार-पाचच नावे उरतात.

.२४३ विंचेस्टर, १९५५ चे, .३०८ चीच केस गळ्याशी आवळून केलेले. धक्का सर्वांत कमी, म्हणून लहान चणीच्या शिकाऱ्याला आणि पहिल्याच हंगामाला फार चांगले. हरणापर्यंत ठीक, त्याहून मोठ्या प्राण्यांवर मी ते नेणार नाही, आणि काही देशांत कायदाच नेऊ देत नाही.

६.५ क्रीडमूर, २००७ चे. जलद पीळ, लांब निमुळत्या गोळ्या, माफक धक्का आणि आखूड ॲक्शन. लोकप्रियतेमुळे त्याची थट्टाही भरपूर होते, पण हलक्या रायफलीच्या कागदावर ते जवळजवळ प्रत्येक रकाना भरते. उणीव एकच: गोळीचे वजन मर्यादित आहे, त्यामुळे मूस किंवा एल्कसारख्या थोराड प्राण्यावर कोन साधलेला नसताना मारण्याला वाव राहत नाही.

७ मिमी-०८ रेमिंग्टन, १९८० चे. माझी वैयक्तिक पसंती हीच आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. .३०८ ची केस आणि ७ मिलिमीटरची गोळी, धक्का क्रीडमूरएवढाच, आणि गोळी किंचित रुंद. ५१ ते ५६ सेंटिमीटरच्या नळीत त्याची कार्यक्षमता फारशी ढासळत नाही. त्याचा पूर्वज म्हणावे असे ७×५७ काम तेच करते, पण जुन्या रायफलींच्या काळजीपोटी अमेरिकी मानकात त्याचा दाब ५१,००० पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड) बांधलेला आहे, तर ७ मिमी-०८ ला ६१,००० ची मुभा आहे. त्यामुळे तयार काडतुसांत जुने मागे पडते.

.३०८ विंचेस्टर, १९५२ चे. जड गोळी, आखूड नळीशी उत्तम मैत्री, आणि स्वीडनसारख्या नियमांत सहज बसणे या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. धक्का २५ ज्यूलचा असल्याने तीन किलोंच्या रायफलीत ते माझ्या मर्यादेच्या काठावर येते. १५० ग्रेनची गोळी वापरली तर ते थोडे आत सरकते.

.२७० विंचेस्टर, १९२५ चे, आणि .३०-०६, १९०६ चे, ही दोन्ही लांब ॲक्शनची काडतुसे आहेत. पहिले डोंगराळ शिकारीत शंभर वर्षे टिकले आहे आणि सपाट मार्गासाठी त्याला तोड थोडी. नावावर जाऊ नका: त्याच्या गोळीचा व्यास .२७७ इंच, म्हणजे ७.०४ मिलिमीटर आहे आणि ‘७ मिमी’ म्हणवणाऱ्यांचा ७.२१, तेव्हा दोघांत मोठी दरी असल्यासारखे वाद व्यर्थ आहेत. .३०-०६ सर्वगुणी आहे, पण त्याला साडेतीन किलोंची रायफल द्यावी.

१९६३ चे .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि त्याची भावंडे या लेखाच्या कक्षेत खरे तर येतच नाहीत. ज्याला त्यांची गरज आहे त्याला ती आधीच माहीत असते, आणि त्याची रायफल सहसा हलकी नसते.

पायरी सातवी: मिळेल का, ते पाहा

दोन काडतुसे बाकी सर्व बाबतींत समान वाटत असतील तर जे जास्त ठिकाणी, जास्त प्रकारच्या गोळ्यांसह मिळते ते घ्यावे. प्रवासात सामान हरवले तर दूरच्या गावातील दुकानात .३०८ किंवा .३०-०६ सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. स्वतः काडतुसे भरणाऱ्याला ही काळजी कमी असते, पण पहिल्याच रायफलीसाठी दुकानात न मिळणारे, खासगी मापाचे काडतूस निवडू नये. कारागिराला कितीही उत्साह असला तरी.

पायरी आठवी: कारागिराला लेखी द्या

तोंडी सांगितलेल्या कामात घोटाळे होतात, म्हणून रायफल बनवणाऱ्या कारागिराला एक पानभर मजकूर लिहून द्यावा. त्यात काडतुसाचे पूर्ण अधिकृत नाव, नळीची लांबी, पीळ, मॅगझिनची आतली लांबी, अपेक्षित एकूण वजन आणि आपण वापरणार त्या गोळीचे नाव व वजन असावे. शक्य असेल तर त्या गोळीची दोन-चार बनावट, दारू व प्रायमर नसलेली काडतुसे सोबत द्यावीत, म्हणजे चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या पोकळीच्या) पुढचा गळा त्या गोळीच्या लांबीला आणि मॅगझिनला एकाच वेळी जुळेल असा कापता येतो. चेंबर मान्य मानकाच्या रीमरनेच (चेंबर कापण्याच्या हत्यारानेच) कापावे असा आग्रह धरा. खास आवळ मापाचे चेंबर शिकारीत धूळ किंवा ओलावा शिरला की काडतूस अडकवते.

काम झाल्यावर हेडस्पेस गेजने (चेंबरमध्ये काडतूस नेमके बसते का ते तपासणाऱ्या मापाने) तपासल्याचे आणि जिथे कायदा मागतो तिथे प्रूफ चाचणी (जास्त दाबाच्या काडतुसाने घेतलेली मजबुतीची चाचणी) झाल्याचे पाहून घ्या. नळीवर काडतुसाचे नाव स्पष्ट कोरलेले असलेच पाहिजे. ही औपचारिकता नाही. ७ मिमी-०८ चे काडतूस .३०८ च्या चेंबरमध्ये विनातक्रार जाते आणि उडतेही, कारण दोघांची केस एकाच घराण्यातली आहे. घरात अशा दोन रायफली असतील तर काडतुसांच्या पेट्या वेगळ्या रंगाच्या ठेवा आणि एका दिवशी एकच रायफल बाहेर काढा.

पायरी नववी: निवडीची पडताळणी

रायफल हाती आल्यावर कानांवर आणि डोळ्यांवर संरक्षण घालून, कागदावर ठरवलेल्याच काडतुसाच्या दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्या चालवून पाहा. बारीक नळीला सगळ्याच पेट्या आवडत नाहीत. प्रत्येक तीन गोळ्यांनंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. जी पेटी थंड नळीतून पहिली गोळी दर वेळी एकाच जागी टाकते ती ठेवा, मग तिच्या तीन गोळ्यांचा पुंजका दुसरीपेक्षा थोडा मोठा असला तरी हरकत नाही.

त्यानंतर क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) खरा आरंभवेग मोजा आणि पहिल्या पायरीतील कायद्याचा व पाचव्या पायरीतील उमलण्याच्या वेगाचा हिशेब या मोजलेल्या आकड्याने पुन्हा करा. पल्ला कमी निघाला तर कागदावरचा जुना आकडा खोडून नवा लिहा. शेवटी टेबल सोडून बसून, गुडघ्यावर आणि पाठपिशवीवर टेकून सराव सुरू करा, एका वेळी दहा-बारा गोळ्यांपेक्षा जास्त नको. दर पाचांत एक बनावट काडतूस सोबत्याला नकळत मिसळायला सांगा, आणि त्या वेळी नळीचे तोंड खाली झुकले तर त्या दिवसापुरती रायफल म्यानात घाला.